सावलीतले ठिपके

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

जलपरी! 'वाघोलीची जलपरी'! रविवारच्या पुरवणीत, पहिल्याच पानावर, अर्धं पान फोटो. पाण्याखाली आमच्या संस्थेतली शालू सातव, हातात प्रवाळाचा तुकडा, केस वर तरंगताहेत. वाघोलीत प्यायचं पाणी टँकरनं येतं आणि ह्यांना तिथे जलपरी सापडली!

तीनदा वाचलं. 'मालवणच्या समुद्रातल्या मेलेल्या प्रवाळांना जीवदान देणारी पुण्याची तरुणी.' मेलेल्यांना कुणी जीवदान देतं का? तुटलेल्यांना देतात. नांगर लागून, जाळी अडकून मोडलेले जिवंत तुकडे तळावरून वेचायचे, सिमेंटच्या चौकटींवर बांधायचे आणि वाढू द्यायचे. इतकं साधं वाक्य त्या बातमीदाराला लिहिता आलं नाही.

माझं नाव शोधलं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडलं — म्हणजे नाव नाहीच. 'संस्थेच्या पुण्यातील कार्यालयातून इतर सहकारीही मदत करतात.' इतर सहकारी!! चाळीस चौकटी कुठे ठेवायच्या, दोन तुकड्यांत अंतर किती, फोटो कधी काढायचे, त्यावरून जगले किती मेले किती ते कसं मोजायचं — सगळं मी बसवलं. २०१३ साली. तेव्हा ही पोरगी बारावीला होती.

यज्ञेश्वरनं चहा पिता पिता पेपर उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "फोटो छान आलाय हं तिचा." एकवीस वर्षं संसार केल्यावर नवऱ्याला नेमकं हेच सुचतं.

भाजीत मीठ दोनदा पडलं. कुणी चकार शब्द काढला नाही. माझं तोंड पाहिलं असेल.

१३ नोव्हेंबर

ऑफिसात पेढे. सरांनी — डॉ. दीनानाथांनी — स्वतः आणलेले. दहा वर्षांत आम्हांला कधी बिस्किटसुद्धा विचारलं नाही.

शालू धावत माझ्या टेबलाशी आली. "ताई, आईशप्पथ, मी तुमचं नाव सांगितलं होतं. दोन वेळा स्पेलिंग करून सांगितलं. त्यांनी कापलं हो." मी म्हटलं, "अगं, त्यात काय!" आणि हसले. हसून गाल दुखले.

खरं बोलत असेलही. तिचा स्वभाव तसा आहे, आणि तेच तर सहन होत नाही. लबाड असती तर बरं झालं असतं. मला निवांत रागावता आलं असतं.

२० नोव्हेंबर

मालवणहून या फेरीचे फोटो आले. चाळीस चौकटी, प्रत्येकीचे दोन, असे ऐंशी. आता आठ-दहा दिवस मी आणि माझे ठिपके.

कॉम्प्युटर प्रत्येक फोटोवर पन्नास ठिपके टाकतो, वाटेल तिथे. प्रत्येक ठिपक्याखाली काय आहे ते मी लिहायचं. जिवंत प्रवाळ. मृत प्रवाळ. शेवाळ. वाळू. सिमेंट. आणि ठिपका सावलीत पडला, काही दिसेना, तर 'सांगता येत नाही'. तो मग गणतीतून गळतो. हा सावलीचा नियम माझा. डोळ्यांना दिसत नाही ते मनानं लिहायचं नाही, असं पहिल्या वर्षी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

यज्ञेश्वर म्हणतो, तू ऑफिसात जाऊन रांगोळी काढतेस.

मी स्वतः खाली दोनदाच गेले. २०१२ च्या डिसेंबरात. दुसऱ्या खेपेला सहा मीटरवर कानात काहीतरी फाटलं, वर आले तेव्हा मानेवर रक्त. पडदा गेला. डॉक्टर म्हणाले, समुद्र विसरा, यापुढे डोक्यावरून अंघोळ केलीत तरी कानात कापूस हवा. म्हणजे ज्या प्रवाळांवर मी पाच वर्षं घालवली ते मी डोळ्यांनी एकूण चाळीस मिनिटं पाहिलेत. त्यातली दहा दुखण्यात गेली.

आणि ही! हिला तिच्या आजीनं, बायडाबाईनं, पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं आणि ही पोहायला लागली. "आता त्या विहिरीवर बी-विंग हाय, ताई," असं सांगते आणि खो-खो हसते. तिचे कान शाबूत. माझ्या नशिबी कापूस.

२९ नोव्हेंबर

मोजणी संपली. चौसष्ट टक्के जिवंत. खूपच चांगलं आहे. इतकं चांगलं की सरांनी आकडा ऐकल्या ऐकल्या शालूला फोन लावला. मला नाही — मी समोरच उभी होते!

५ डिसेंबर

ओखी वादळ. पुण्यात नुसतं ढगाळ आणि गारठा. मालवणला समुद्र चढलाय. शालूचा फोन — "ताई, चौकटींचं काय झालं असंल हो?" आवाज रडवेला. मलाही धस्स झालं. त्या क्षणी आम्ही दोघी सारख्या होतो, हे कबूल करायला हवं.

१४ डिसेंबर

एकही चौकट उलटली नाही! वजन किती ठेवायचं हे मी ठरवलं होतं. हे कुठल्या पुरवणीत येणार नाही.

पाणी मात्र गढूळ आहे. तरी ती उतरलीच. फोटो पाठवलेत — अंधारे, मातकट. वर्षअखेरची मोजणी ह्यांच्यावरच करायची.

१८ डिसेंबर, सोमवार

सरांनी आत बोलावलं. दार लावायला सांगितलं. मला वाटलं, आता सांगतील, उल्काताई, पुढच्या टप्प्याच्या तुम्ही प्रमुख. पुढचा टप्पा म्हणजे दोनशे चौकटी, पाच वर्षं. मी साडीच्या निऱ्यासुद्धा सारख्या केल्या खुर्चीत बसताना. कपाळ माझं!

"शालूला प्रमुख करावं म्हणतो," सर म्हणाले. "पैसे देणाऱ्या मुंबईच्या ट्रस्टलाही एक चेहरा हवाय."

मी निऱ्यांवरचा हात काढला.

"तुम्ही तर आपल्या कामाचा पायाच आहात, उल्काताई."

पाया! म्हणजे ज्याच्या डोक्यावर सगळे उभे राहतात आणि जो स्वतः मातीत गाडलेला असतो तो. मी म्हटलं, "चांगला निर्णय आहे, सर." जिना उतरताना रेलिंग घट्ट धरलं होतं.

घरी आल्यावर खूप रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. तेवीस वर्षांच्या मुलीचा मत्सर करते आहे मी, सत्तेचाळीस वर्षांची घोडी! लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून जळफळाट थांबत नाही.

२१ डिसेंबर

आज एक गोष्ट केली. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी नाही.

तेविसाव्या चौकटीचा फोटो. ठिपका खालच्या कोपऱ्यात, सावलीत. सावली शालूच्याच हाताची होती, कॅमेरा धरलेल्या. खाली प्रवाळ आहे हे कळत होतं. जिवंत की मेलेला, ते नाही. माझ्याच नियमानं 'सांगता येत नाही'. मी लिहिलं — मृत.

लिहिलं आणि थांबले. खोडायला बोट नेलं. मग आठवलं, 'चेहरा हवाय'. पुढचा ठिपका घेतला.

एका ठिपक्यानं काय होतंय?

२२ डिसेंबर

आजही. मोजले नाहीत किती. मी! ठिपके मोजणारी!

२८ डिसेंबर

आता सवय झाली. सावली दिसली की मृत. हात आपोआप जातो. शिवाय स्वतःला पटवायला कारणंही आहेत — वादळ होऊन गेलंय, गाळ बसलाय, मेलेच असतील. आणि नसतील मेले तर चार टक्के इकडे तिकडे. जरा तिची हवा उतरेल इतकंच.

दुपारी तिचा फोन. सतराव्या चौकटीत एक पिटुकला मासा राहायला आलाय, निळ्या पट्ट्यांचा. "मला बघून आत पळतो आणि परत डोकं काढून बघतो! ताई, तुम्ही पाहिजे होतात इथं."

तुम्ही पाहिजे होतात! मुद्दाम बोलत नाही ती, मला माहीत आहे. पण फोन ठेवला आणि सतराव्या चौकटीच्या फोटोतले सावलीतले सगळे ठिपके मृत करून टाकले. माशासकट गेलं सगळं खड्ड्यात!

६ जानेवारी २०१८

बेरीज झाली. शेहेचाळीस टक्के.

पुन्हा केली. शेहेचाळीसच.

पन्नासच्या खाली जाईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. की वाटलं होतं? ट्रस्टची अट मला पाठ आहे, करार मीच लिहिला होता. वर्षअखेर निम्म्याहून कमी जिवंत असतील तर ती जागा बाद, पुढचा टप्पा तिथे नाही. तिची हवा उतरायला हवी होती, जागा बाद व्हायला नको होती. आता?

आज शनिवार. सोमवारी दुरुस्त करेन.

८ जानेवारी

दुरुस्त केलं नाही. सकाळी जाते तर शालू माझ्या खुर्चीत बसलेली, मालवणहून परत आलेली, उन्हानं काळीभोर, आणि सगळं ऑफिस तिच्याभोवती कोंडाळं करून. माशाची गोष्ट चालली होती. मला पाहून कुणी सरकलंसुद्धा नाही. पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि सरांच्या हातात दिला.

११ जानेवारी

सर पांढरेफटक. "चौसष्टचे शेहेचाळीस? सहा आठवड्यांत?" मी म्हटलं, "वादळ झालं, सर." आवाज अगदी सरळ आला. त्याचंच आश्चर्य वाटतंय.

शालू खाली बघत राहिली.

१५ जानेवारी

मेले मी! फेरतपासणी आहेच की! दर दहा फोटोंतला एक दुसऱ्या माणसानं मोजायचा, पहिल्याचे आकडे न बघता. हा नियमही माझाच. ऐंशीतले आठ फोटो. सरांनी शालूला सांगितलंय.

तिला सावल्या दिसणारच. ती 'सांगता येत नाही' लिहिणार, मी 'मृत' लिहिलेलं. समोरासमोर ठेवलं की झालं. जेवण गेलं नाही. यज्ञेश्वरनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, कान ठणकतोय.

२२ जानेवारी

जुळलं! आठही फोटो! चारशे ठिपक्यांत फरक फक्त पाचाचा!

सावलीतले ठिपकेसुद्धा. तिनंही मृतच लिहिलंय. जी खाली गेली, जिनं हातानं बांधले, तीच म्हणते आहे की मेलेत! म्हणजे मी खोटं लिहिलंच नाही. माझा रागही खरा आणि माझा डोळाही खरा! उगीच महिनाभर जीव खाल्ला स्वतःचा.

येताना चितळ्यांकडून बाकरवडी आणली. यज्ञेश्वर म्हणाला, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, सहज.

५ फेब्रुवारी, सोमवार

ट्रस्टचं पत्र आलं. जागा बाद. वनखात्याच्या परवानगीतली अट — जे फसलं ते समुद्रात ठेवायचं नाही. मार्चमध्ये चाळीसही चौकटी उचलून काठावर आणायच्या. जिवंत तुकडे सोडवून दुसऱ्या खडकावर बांधायचे. पण त्यातले निम्मेही तगत नाहीत, हे आम्हांला अनुभवानं माहीत आहे.

मीटिंगमध्ये शालू उभी राहिली. "माझीच चूक हाय. बांधताना माझंच काहीतरी चुकलं असणार." तिला खूप सांगितलं सगळ्यांनी, वादळाला कोण काय करणार. ती ऐकेना. "न्हाई सर. मी प्रमुख नको. उल्काताईंना करा. त्यांच्या डोळ्यांतून काही सुटत न्हाई."

आणि सरांनी केलं. तिथल्या तिथे. दुसरी जागा, दोनशे चौकटी, प्रमुख — उल्का गोडबोले.

६ फेब्रुवारी

झाले की प्रमुख! आनंद झालाय, का खोटं बोलू? यज्ञेश्वरनं आइस्क्रीम आणलं. हेमाला — माझ्या धाकट्या बहिणीला — फोन केला, ती किंचाळलीच.

सारखं वाटतंय, शालूनं ते तोंडानं म्हणायला नको होतं. तिनं दिलं म्हणून मला मिळालं, असं झालंय. माझं माझं मिळालंच नाही.

२७ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

डबा खात होते. शालू येऊन समोर बसली. "ताई, एक सांगायचंय. शिव्या द्या, पण आधी ऐकून घ्या."

मला वाटलं, कळलं हिला. डब्याचं झाकण लावून टाकलं.

"मी चोरी केली," ती म्हणाली. "ते आठ फोटो मोजले ना, तवा माझं आणि तुमचं जुळत नव्हतं. माझा लॅपटॉप बंद पडला म्हणून तुमच्या कॉम्प्युटरवर बसले होते, तिथं तुमचा तक्ता उघडाच होता. बघायचा नव्हता. बघितला. तुम्ही मृत लिहिलं होतं तिथं मी 'सांगता येत न्हाई' लिहिलेलं. दोन-तीन ठिकाणी तर जिवंत. म्हटलं, तुमचा डोळा कुठं आणि माझा कुठं! सगळं खोडलं आणि तुमच्यासारखं केलं."

मी कसंबसं म्हटलं, "पण तू तर खाली जाऊन पाहिलंस ना गं?"

"पाहिलं की. हात लावून पाहिलं. मला जिवंतच वाटलं." मग डोळे पुसले. "पण पाण्यात गेलं की मला सगळंच जिवंत वाटतं, ताई. मला माफ करा."

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "जाऊ दे, शालू. परत असं करू नकोस."

परत असं करू नकोस!! माझ्या तोंडानं! मी तिला माफ केलं! मी!

२८ फेब्रुवारी

सगळे फोटो पुन्हा मोजले. नियमानं, सावली गाळून. एकोणसाठ टक्के.

जिवंत आहेत. चौकटी उचलायच्या काहीही कारण नाही. सोमवारी, बारा मार्चला, त्या निघणार.

१ मार्च

होळी. पुरण शिजवलं, पोळ्या लाटल्या, नैवेद्य दाखवला. स्वतः एकही पोळी खाल्ली नाही.

२ मार्च

शालूनं सरांनाही सांगितलं. स्वतःहून! तक्ता बघितला, खोडलं, सगळं. सर भडकले. चौकटी उचलून झाल्या की तिनं संस्थेत पाऊल टाकायचं नाही, असं ठरलंय.

चूक केली आणि धडाधड जाऊन सांगून मोकळी झाली. किती सोपं आहे तिला! मला सव्वादोन महिने जमलं नाही. याचाही हेवा वाटला मला. खरंच वाटला. माझ्यासारखी मीच.

५ मार्च

सांगितलं. शालूलाच आधी. कँटीनच्या मागे, नळापाशी नेऊन. "तुझं बरोबर होतं. मी मुद्दाम मृत लिहिलं. मला तुझा राग होता."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "ताई, नका ना असं करू. मला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय, कळतंय मला. आमच्या आईनंबी एवढं केलं नसतं माझ्यासाठी."

"अगं, मी खरं सांगते आहे!"

"तुम्ही? तुम्ही खोटं लिहाल? सूर्य पश्चिमेला उगवल!" आणि पाया पडली. तिथेच, मी चप्पल घालून उभी असताना माझ्या पाया पडली!

७ मार्च

सरांना सांगितलं. एकोणसाठचा तक्ता समोर ठेवला. त्यांनी पाहिलासुद्धा नाही.

"उल्काताई, मुलीवर माया आहे तुमची, मी समजू शकतो. पण शालूनं कबूल केल्यावर तुम्ही नवे आकडे आणता — ट्रस्टला मी काय सांगू? तुमचे पहिले आकडे आणि तिचे जुळले होते."

"ते तिनं माझे उतरवले म्हणून जुळले, सर!"

"तेच म्हणतोय मी. चूक तिची. तुमचे तर मूळचे."

ह्यांच्या डोक्यात शिरायचं कसं? पाच वर्षांत मी कधी एक ठिपका चुकवला नाही, म्हणून आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवेना. ईमेल लिहायला बसले. 'मोजणीत काही त्रुटी राहिल्या' असं लिहिलं गेलं. त्रुटी! पुसून टाकलं. शुद्ध मराठीत पळपुटेपणा फार चांगला लिहिता येतो मला.

८ मार्च

महिला दिन. प्रत्येकीला गुलाब. सरांचं भाषण. "चूक दुसऱ्याची आणि अंगावर घ्यायला पुढे होणारी आपली उल्काताई!" टाळ्या. शालू सगळ्यांत जोरात वाजवत होती.

फूल येताना कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

९ मार्च

शालू रविवारी सकाळी सातच्या गाडीनं स्वारगेटवरून निघते. सोमवारी पहाटे भरती बघून बोट. स्वतःच्या हातानं बांधलेले सहाशे चाळीस तुकडे स्वतःच्या हातानं सोडवायचे आहेत तिला. ह्या कामाला दुसरं कुणी नको म्हणाली.

यज्ञेश्वरला सगळं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मला पटतंय." मी विचारलं, तुला कसं पटलं? म्हणाला, "त्या दिवशी पुरवणी वाचताना तुझा चेहरा मी पाहिलाय."

शालूनं, सरांनी, कुणी तो पाहिलेला नाही.

१० मार्च

सकाळपासून ही वही उघडते आहे आणि मिटते आहे. काय काय लिहून ठेवलंय मी! वाचवत नाही.

११ मार्च, रविवार

शालू,

गाडी सुटली की ही वही वाच. पहिल्या पानापासून. एकही पान गाळू नकोस — तुझ्याबद्दल जे घाणेरडं लिहिलंय ते तर मुळीच गाळू नकोस. ते वाचलंस तरच बाकीचं तुला खरं वाटेल. मग पानांचे फोटो काढ आणि सरांना पाठव, सगळी पाठव.

तू हात लावून पाहिलंस तेच बरोबर होतं. उद्या एकही तुकडा सोडवू नकोस.